जात : गावठी

शनिवारी सकाळी साडेसातला मामाचा फोन आला की दोनच शक्यता असतात. एक तर गावात कोणी तरी गेलं, नाही तर मोबाईलचं रिचार्ज संपलं. यावेळी तिसरीच निघाली.

"पाडव्याला येतोस ना? बैलाचा कायतरी ठरवायला लागंल."

"काय ठरवायचं?"

"ये तू. फोनवर नाय सांगत."

मामा एवढंच बोलला आणि फोन ठेवला. तो नेहमी असाच फोन ठेवतो, समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघत नाही. मी अर्धा मिनिट हातात फोन घेऊन बसलो. आयटीत अठरा वर्षं काढल्यावर 'प्रत्यक्ष भेटून बोलू' या वाक्याची जी भीती बसलेली असते, तीच वाटली.

तर मंडळी, माझं आजोळ जोहे. पेण तालुक्यात. नाव ऐकलं नसेल, पण जोह्यातली वस्तू तुमच्या घरी येऊन गेली असण्याची शक्यता बरीच आहे, कारण जोहे आणि शेजारचं हमरापूर ही गणपतीच्या मूर्तींची गावं. दर दुसऱ्या घराला कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची किंवा ताडपत्रीची शेड, आत ओळीने पांढरे गणपती, काहींना हात नाहीत, काहींना सोंड नाही, आणि एका कोपऱ्यात मोठ्याने लावलेला रेडिओ. भाद्रपदातले दहा दिवस आपण जो देव बघतो तो इथे वर्षभर कच्च्या मालाच्या अवस्थेत असतो. लहानपणी मला त्याचं फार अप्रूप होतं. मामाला मात्र नव्हतं. मामा शेतकरी. त्याचं सगळं लक्ष घराच्या मागच्या गोठ्यात.

त्या गोठ्यात माझ्या लहानपणी नऊ गुरं होती. आता तीन आहेत. चांद्या नावाचा बैल, तांबडी नावाची गाय, आणि तांबडीचा या उन्हाळ्यात झालेला पाडा. खरं म्हणजे चार होती, पण चांद्याचा जोडीदार पाखऱ्या श्रावणात गेला. म्हातारा झाला होता.

आणि एका बैलाचा नांगर होत नाही. हे मला माहीत होतं, तरी फोनवर लक्षात आलं नाही.

*

पुण्याहून एक्स्प्रेसवेने खोपोलीला उतरायचं आणि तिथून पेण, असा माझा ठरलेला रस्ता. गाडी चालवताना मला सारखी एकच गोष्ट आठवत होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून जरा विषयांतर.

२०११ साली मी पहिल्यांदा ऑनसाईट गेलो. मॅसॅच्युसेट्स राज्यात, सात महिने. तिथे शनिवार-रविवार काय करायचं हा मोठा प्रश्न. मॉल बघून झाले, आउटलेट बघून झाली, मग एका सहकाऱ्याने ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेजला नेलं. हे एक उघड्यावरचं संग्रहालय आहे, १९४६ साली सुरू झालेलं. १८३० च्या दशकातलं न्यू इंग्लंडमधलं खेडं तिथे उभं केलंय. जुनी घरं दुसरीकडून आणून तिथे बसवलीत, आणि त्या काळचे कपडे घातलेली माणसं तिथे लोहारकाम करतात, पाव भाजतात, शेती करतात. तिकीट काढून लोक ते बघायला येतात.

मी सगळं बघत बघत शेतापाशी आलो आणि थांबलो. समोर बैलजोडी होती!

तांबूस रंगाचे, अंगाने भरलेले दोन बैल. मानेवर लाकडी जू. आपल्यासारखं वशिंड नाही, त्यामुळे ते जू कशाला अडतं ते मी बघत राहिलो. तर मानेखालून लाकडाचे वाकवलेले कडे घातलेले. बैलांच्या बाजूने एक बाई हातात बारीक काठी घेऊन चालत होती आणि नुसत्या तोंडाने त्यांना वळवत होती. वेसण नाही, कासरा नाही. आजूबाजूला पंचवीस-तीस माणसं फोटो काढत होती. मीही काढला. तो फोटो मी मामाला दाखवला तेव्हा मामाने विचारलं, "यांना काम काय?" मी म्हटलं, हेच काम, लोकांना दाखवणं. मामा खूप वेळ हसला.

त्या बैलांनी मला असं काही पछाडलं की पुढचे चार वीकेंड मी त्यावरच वाचत बसलो. अमेरिकेत युरोपीय लोक येण्याआधी गाय-बैल नव्हतेच. १४९३ मध्ये कोलंबसच्या दुसऱ्या सफरीबरोबर ती पहिल्यांदा कॅरिबियन बेटांवर उतरली. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर प्लिमथ वसाहतीत पहिली गुरं आली ती १६२४ साली, चॅरिटी नावाच्या जहाजातून. तीन कालवडी आणि एक वळू. चारच! मेफ्लॉवरमधून लोक उतरले ते १६२० मध्ये. म्हणजे मधली सव्वातीन वर्षं गाईचं दूध नाही, बैल नाही, नांगर नाही. सगळी शेती हाताने. ही पहिली गुरं इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातली तांबडी गुरं असावीत असं परंपरेने मानतात.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. १६२७ साली त्या वसाहतीने आपली गुरं वाटून घेतली. तोवर ती सामाईक होती. सगळ्या लोकांचे बारा गट पाडले, प्रत्येक गटात तेरा माणसं, आणि प्रत्येक गटाच्या वाट्याला एखाद-दुसरी गाय आणि दोन शेळ्या. कुठल्या गटात कोण, हे लिहून ठेवताना त्यांनी बायका-मुलांसकट प्रत्येकाचं नाव लिहिलं. त्यामुळे आज त्या वसाहतीत १६२७ साली कोण कोण राहत होतं हे समजायचं असेल तर इतिहासकार गुरांच्या वाटणीचा कागद उघडतात. गाई मोजायला गेले आणि माणसांची शिरगणती झाली!

आणि त्या कागदात गाईंनाही ओळख आहे. अमुक जहाजातून आलेली मोठी काळी गाय. तमुक जहाजातून आलेल्या काळ्या कालवडी. आणि एक नुसतीच 'तांबडी गाय'.

आमची तांबडी मला तिथे, चारशे वर्षांपूर्वीच्या कागदात भेटली. गंमत वाटली तेव्हा. त्याहून जास्त काही नाही.

ऑनसाईटचे पैसे घेऊन परत आलो आणि २०१२ च्या मृगाआधी मामाला पॉवर टिलर घेऊन दिला.

*

तो पॉवर टिलर ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात अभिमानाची खरेदी होती. पहिल्या गाडीपेक्षाही. मामाच्या गुडघ्यांनी तेव्हाच कुरकुर सुरू केली होती, आणि भाताच्या चिखलात दिवसभर बैलांमागे चालणं म्हणजे काय ते मी एकदा दोन तास करून पाहिलं होतं. दोन दिवस उठता आलं नव्हतं. तेव्हा टिलर घेतला हे चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

पण चांद्या आणि पाखऱ्या तेव्हा तीन वर्षांचे होते. नुकतेच जुवाला लावलेले. बैलाची उमेद सुरू होते ते वय. मामाने त्यांना एक पावसाळा खालच्या खाचरांत चालवलं, तिथे खाडीच्या बाजूची खारी जमीन आहे, चिखल गुडघ्याच्या वर. तिथे टिलरही रुतायचा. मग दोनेक वर्षांत भाड्याने मोठं यंत्र मिळायला लागलं आणि तेही संपलं. म्हणजे आमच्या बैलांना ऐन तारुण्यात व्हीआरएस मिळाली, आणि त्या कागदावर सही माझी. पुढची दहा वर्षं ते गोठ्यात उभे. मामा त्यांना रोज पाण्यावर न्यायचा, पेंढा घालायचा, पाडव्याला रंगवायचा. बाकी काही काम नाही.

"आता पोरं म्हनतात, फुकट खातो," मामा म्हणाला. आम्ही गोठ्यात बसलो होतो. पाडव्याची सकाळ. मामीने तांब्यात गेरू कालवून ठेवला होता, आणि दुसऱ्या वाटीत तांदळाच्या पिठाचं पाणी. चांद्याच्या पांढऱ्या अंगावर गेरूचे हात उठवायचे आणि तांबडीच्या अंगावर पिठाचे, ही वाटणी लहानपणापासून ठरलेली.

पोरं म्हणजे माझा मामेभाऊ. दादाचा कारखाना आहे. त्याला गोठ्याची जागा हवी आहे, मूर्ती वाळवायला. तो वाईट माणूस नाही, उलट आमच्या सगळ्यांत जास्त राबणारा. त्याने मला हिशोबच दाखवला. पूर्वी भाताचा पेंढा गुरांसाठी ठेवायचा आणि उरला तर विकायचा. आता पेंढ्याला गिऱ्हाईक घरातच आहे. मूर्ती लांब पाठवायच्या तर पेंढ्यात बसवून पाठवतात, सोंड मोडू नये म्हणून. शिवाय भात कापायला यंत्र आलं की पेंढा शेतातच चुरा होऊन पडतो, हाताने कापलेल्या भाताचाच सरळ मिळतो. म्हणजे माल कमी आणि मागणी जास्त. जो पेंढा चांद्या खातो त्यात किती गणपती गुंडाळले जातील हे दादाने बोटांवर मोजून दाखवलं. आकडा मोठा होता.

"आणि गुरं चारायला कोन जानार? पोरगा कारखान्यात ब्रश मारतो तर मजुरी सुटते. गुराखी सांग कुठं मिलतो!"

मी काय सांगणार? मी तर आठवड्यातले तीन दिवस घरून काम करणारा माणूस.

*

तांबडीच्या कानात पिवळा बिल्ला आहे. त्यावर बारा आकडी नंबर. देशभरातल्या गुरांना हे बिल्ले मारतात, आणि त्या नंबराखाली जनावराची सगळी माहिती संगणकात असते: वय, लसी, विणं, मालक. व्यवसायामुळे मला अशा गोष्टींचा मोह आवरत नाही. मी मामाला विचारलं, बिल्ला मारायला आले तेव्हा जात काय सांगितलीस?

"जात काय सांगायची? गावठी."

झालं. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर त्या रकान्यात नल. शून्य नव्हे, रिकामं. विचारणाऱ्याची चूक नाही, मामाने जे सांगितलं तेच त्याने लिहिलं असणार. आणि मामाचीही चूक नाही. शंभर वर्षं कोकणातल्या गाईला सगळ्यांनी गावठीच म्हटलं. घाटावर खिल्लार, मराठवाड्यात देवणी आणि लाल कंधारी, विदर्भात गवळाऊ, नाशिक-अकोल्याच्या डोंगरात डांगी. यांना नावं होती, रुबाब होता, प्रदर्शनं होती. कोकणातलं जनावर म्हणजे आपलं लहानखुरं, कोणत्याही रंगाचं, दिवसाला दोन लिटर दूध देणारं. त्याला कोण नाव देणार!

पण गंमत अशी की नाव मिळालंय. २०१८ मध्ये. हरियाणात कर्नालला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो नावाची संस्था आहे, देशातल्या पाळीव जनावरांच्या जातींची नोंद तिथे होते. तिथे कोकणातली गाय 'कोकण कपिला' या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. नोंद करताना मोजमापं घेतात, रंग, शिंगं, वशिंड, दूध, सगळं तपासतात. म्हणजे ज्याला आपण 'काही नाही' म्हणत होतो ते एक काहीतरी होतं, आणि पिढ्यानपिढ्या एकाच दिशेने घडत आलेलं होतं.

हे मी मामाला मोठ्या उत्साहाने सांगितलं. मोबाईलवर फोटो दाखवले. मामाने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाला, "ही तर आपलीच गुरं."

"तेच तर सांगतोय!"

"मग यात नवीन काय?"

आता बोला.

पण मग मामा बोलायला लागला आणि मी गप्प बसलो. घाटावरचा मोठा बैल इथे का चालत नाही, ते त्याने सांगितलं. इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. चार महिने जनावर ओल्यात उभं. मोठ्या बैलाचं वजन चिखलात त्यालाच खाली ओढतं, आणि ओल्याने खूर सडतात. आपला बैल हलका, खूर बारीक आणि टणक, रुतला तरी पाय उपसून काढतो. खाचरं लहान, दोन वाफ्यांच्या बांधावर वळायचं तर लांबलचक जोडी वळतच नाही. उन्हाळ्यात गवत नसतं तेव्हा हा पालापाचोळा खाऊन राहतो. मिठागरावर, खाडीच्या बांधावर, डोंगरातल्या लाकडांच्या गाडीला, सगळीकडे हाच. आणि ज्याच्याकडे एकच बैल असेल त्याने शेजाऱ्याचा एक घ्यायचा, एक दिवस त्याची जमीन, एक दिवस याची. सावड.

"तो काम करून करून तसा झालाय," मामा म्हणाला. "कोनी बनवला नाय त्याला."

मी आयुष्यात जातीची एवढी नेमकी व्याख्या वाचलेली नाही. जात म्हणजे रंग आणि शिंगं नव्हेत. जात म्हणजे एखाद्या जागेने एखाद्या कामासाठी जनावराकडे शेकडो वर्षं केलेल्या मागण्या. चिखलाची मागणी, पावसाची मागणी, बांधाची मागणी. काम थांबलं की मागणी थांबते. मग नाव उरतं, आणि नाव एकटं फार दिवस जगत नाही. कोकण कपिलेच्या बाबतीत तर क्रमच उलटा झाला. काम गेल्यावर नाव आलं.

*

अमेरिकेत हेच झालं होतं, फक्त आधी. ती डेव्हन गुरं तिन्ही कामांची होती, दूध, मांस आणि ओढकाम. जंगल तोडून शेत करायचं तर ओंडके ओढायला बैल, दगड उपसून बांध घालायला बैल. घोड्यापेक्षा सावकाश, पण कमी खाणारा आणि चिखलात न घाबरणारा. (मामाची आठवण येते की नाही?) मग घोडे वाढले, मग ट्रॅक्टर आला, आणि दुधासाठी फक्त दूध देणारी, मांसासाठी फक्त मांस देणारी जात असा जमाना आला. तिन्ही कामं थोडी थोडी करणाऱ्याला कोणी विचारेना. आमच्या कंपनीतही असंच होतं म्हणा.

१९७६ मध्ये त्यांच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली. त्या सुमारास जुनी शेतं जशीच्या तशी उभी करून दाखवायची टूम निघाली, आणि तेव्हा लक्षात आलं की घरं मिळताहेत, नांगर मिळताहेत, पण त्या काळची गुरं मिळत नाहीत. कित्येक जाती संपल्या होत्या, काही संपत आल्या होत्या. १९७७ मध्ये त्यासाठी संस्था निघाली, आज तिचं नाव लाइव्हस्टॉक कन्झर्व्हन्सी. व्हरमाँट राज्यात रँडल नावाच्या एका कुटुंबाने ऐंशीएक वर्षं बाहेरचं रक्त न मिसळता आपला कळप सांभाळला होता. १९८५ मध्ये तो शेतकरी वारला आणि कळप विखुरला. काही लोकांनी धावपळ करून उरलेली थोडी जनावरं गोळा केली, आणि आज त्या जातीला रँडल हेच नाव आहे. एक गोठा म्हणजे एक जात. बॅकअप नाही.

आपल्याकडेही ज्याला नवं काम मिळालं तो तरला. खिल्लारची शेती गेली, पण शर्यत राहिली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये राज्यात त्या पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३ मध्ये न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आज चांगल्या खिल्लार खोंडाची किंमत ऐकून गाडी विकावीशी वाटते. उलट उदाहरण कृष्णाकाठचं. सांगली-कोल्हापूरकडच्या काळ्या जमिनीसाठी घडवलेली कृष्णा खोऱ्याची अवजड बैलांची जात इकडे दुर्मिळ झाली, आणि तिचं रक्त तिकडे अमेरिकेच्या ब्राह्मण नावाच्या गुरांत गेलंय, गीर आणि नेल्लोरच्या जोडीने. टेक्सासच्या उन्हात त्यांना काम होतं.

चांद्याला कुठलंच नाही. तो शर्यतीचा नाही. २०१५ पासून राज्यात गाईप्रमाणे बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे. त्याच्या बाजूने-विरुद्ध काय बोलायचं ते बोला, पण म्हाताऱ्या बैलाला बाजारात किंमत राहिली नाही हे खरं. हायवेवर रात्री गाडीच्या दिव्यात एकदम डोळे चमकतात ना, ते अशांपैकीच कोणाचे तरी असतात. मामा सोडून देणार नाही. गोशाळेत द्यायचं म्हटलं तर मामी रडायला लागते. देशात २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या मधे गाई सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्या आणि बैल-वळू-गोऱ्हे मिळून सुमारे ३० टक्क्यांनी घटले. आता तर दहातल्या नऊ वेळा कालवडच होईल अशा रेतमात्रा मिळतात. पाडा जन्मालाच येऊ नये, एवढी सोय झालीय.

आणि खरी लाज वाटली ती पुढच्या गोष्टीची. मामाने सहज विचारलं, "तू पुन्यात तूप कुठलं खातोस?" मी गीर गाईचं, ए-टू, काचेच्या बरणीतलं खातो. किंमत मी त्याला निम्मी सांगितली, तरी तो चाट पडला. 'देशी' म्हणून आपण जे शोधतो ते सौराष्ट्रातलं. जोह्याच्या आसपासही आता गाय माजावर आली की गीरचीच रेतमात्रा मागतात, आधी जर्सीची मागायचे. परदेशी रक्ताने अर्धी गावठी गाय गेली, उरलेली आपल्या देशीप्रेमाने चालली आहे. गावात कोकणी वळू एकही नाही. सगळे खच्ची केलेले. वळू नाही म्हणजे पुढची पिढी नाही, इतका साधा हिशोब.

"मग तांबडीचा हा पाडा कुणाचा?" मी विचारलं.

मामी म्हणाली, "वरच्या वाडीचा. चरायला गेल्ती तेव्हा." डोंगरावरच्या ठाकूरवाडीत अजून अशी गुरं आहेत. तिकडे जागा आहे, चारा आहे, उतारावर अजून नांगर चालतो.

*

दुपारी जेवायला बसलो. दादा, मी, मामा. गोठ्याचा विषय कोणी काढत नव्हतं. मी मनात पैशाचं गणित करत होतो, महिन्याला किती पाठवले तर पेंढा विकत घेता येईल वगैरे. आयटीवाल्याची सवय. प्रश्न आला की त्यावर पैसे टाकायचे, टिलरसारखेच.

तेव्हा वाढता वाढता मामी बोलली. तांबडी आणि पाडा वाडीवर अर्धेलीने द्या. पाडा खच्ची करायचा नाही, तिथे वळू म्हणून राहील. तांबडीला पुढे जे होईल त्यात अर्धं त्यांचं, अर्धं आपलं. ती माणसं ओळखीची, तिच्या माहेरापासूनची. चांद्या कुठे जाणार नाही, त्याला मागच्या भिंतीला आडोसा करून द्या, बाकीचा गोठा दादाने घ्यावा.

कोणीच काही बोललं नाही. मग दादाने मान डोलावली. मामा बराच वेळ भात कालवत राहिला.

मला तो प्लिमथचा कागद आठवला. तिथल्या वाटणीतही मूळ जनावरं गटांनी दहा वर्षं सांभाळायची आणि वाढीतला अर्धा हिस्सा द्यायचा, असंच ठरलं होतं. हे मी तिथे बोललो नाही. मामी म्हणाली असती, मग यात नवीन काय?

संध्याकाळी अंगणात पेंढा पेटवला. पाडव्याला गुरं त्यावरून उडवतात. पाडा घाबरून दोनदा मागे पळाला, तिसऱ्यांदा तांबडीच्या मागोमाग उडाला. चांद्या उडाला नाही. मामाने त्याला धरून जाळाच्या कडेने सावकाश फिरवून आणलं, तो अख्खा वेळ त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता.

पुढच्या रविवारी तांबडीला वर नेलं. मी गेलो नव्हतो, रिलीज होती. दादाने फोटो पाठवला. त्यात मामा पुढे दावं धरून चाललाय आणि त्याची पाठ तेवढी दिसते.

ही व्यवस्था किती वर्षं चालेल, मला सांगता येत नाही. वाडीवरची पोरंही उद्या कारखान्यात येतील, त्यांनी का येऊ नये? एका पाड्याने जात वाचते असंही नाही. पण निदान त्याला तिथे काम आहे.

ता.क. : मामाला सांगितलंय की तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन तांबडीच्या नंबरापुढची जात बदलता येते का ते विचार. तो म्हणाला, "काय लिहायचं बोललास?" मी सांगितलं, कोकण कपिला. तो म्हणाला, बरं, विचारतो. मग फोन ठेवायच्या आधी, म्हणजे त्याच्या हिशोबाने ठेवल्यावरच, मामीला सांगताना ऐकू आलं : "गावठीचाच मोठा नाव हाय गो ते."